चिऊ, आधी गाडी रिकामी करून बघ

चिऊ, काल रात्री तू पाठवलेली यादी मी दोनदा वाचली. स्नॉर्कल, दोन इंचांची लिफ्ट, लोखंडी बंपर आणि त्यावर विंच, छतावर कॅरियर, कॅरियरवर उघडायचा तंबू, बाजूला ताणायची कनात, फ्रिज, त्याच्यासाठी वेगळी बॅटरी, दिव्यांची पट्टी, चार जेरीकॅन. खाली बेरीज पावणेपाच लाख. आणि त्याच्याही खाली एकच ओळ : ‘ताई, एवढ्यात भागेल ना गं?’

त्या ओळीने माझी झोप उडाली. दोघी मैत्रिणी पुण्याहून गाडी काढून स्पितीला निघाल्या आहात, घरातला प्रत्येक जण काही ना काही भीती घालतोय, आणि तू त्या प्रत्येक भीतीवर एकेक वस्तू विकत घ्यायला निघाली आहेस. मला कळतं ते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझीही यादी अशीच वाढत गेली होती. म्हणून आज जरा निवांत बस आणि ऐक.

तुझ्या जिम्नीचं पुस्तक समोरच्या कप्प्यात असेल, ते काढ. रिकाम्या गाडीचं वजन साधारण १२०० किलो. माणसं-सामान भरून जास्तीत जास्त किती चालेल, तर १५४५. म्हणजे तुम्ही, पाणी, पांघरुणं, छतावरचं, सगळं मिळून साडेतीनशे किलोच्या आत बसायला हवं. तुम्ही दोघी मिळून सव्वाशे धरू. उरले सव्वादोनशे. आता तुझी यादी मांडून बघ. छतावरचा तंबू साठ किलो, कॅरियर पंचवीस-तीस, लोखंडी बंपर आणि विंच मिळून सत्तर-ऐंशी, फ्रिज आणि बॅटरी चाळीस, वीस-वीस लिटरचे चार कॅन भरलेस की पाऊणशे. बेरीज तूच कर. आणि अजून कपडे, स्टोव्ह, हत्यारं, खाणंपिणं गाडीत चढलेलंच नाही. शिवाय छतावर किती वजन चालतं त्याचा आकडा पुस्तकात वेगळा दिलेला असतो आणि तो फार लहान असतो. अरुंद रस्त्यावर एका बाजूची चाकं दगडावर चढली की ते डोक्यावरचं ओझं गाडीला दरीच्या बाजूला खेचतं. त्या क्षणी पोटात जे होतं ते मी अनुभवलंय.

वर उंचीचा हिशेब वेगळाच. तुझ्या गाडीचं पेट्रोल इंजिन साधं, टर्बो नसलेलं. दर हजार मीटर चढलं की अशा इंजिनाची ताकद साधारण दहा टक्के कमी होत जाते, कारण हवा विरळ होते. कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे तुझ्या हातात इथल्यापेक्षा जेमतेम साठ टक्के ताकद उरेल. ज्या जागी इंजिन दमलेलं असणार, नेमक्या त्याच जागी तू त्याच्या पाठीवर दोन माणसांएवढं लोखंड टाकणार आहेस. मला यादीतलं सगळ्यात जास्त खुपलं ते हे.

आमच्या पहिल्या खेपेची गोष्ट तुला पूर्ण कधी सांगितलीच नाही. तुझे भाऊजी आणि मी, जुनी डिझेल गाडी, छतावर कॅरियर आणि त्यात एक पत्र्याची पेटी. पेटीत काय होतं विचारशील तर सुटे भाग, दुसरा जॅक, लोखंडी साखळी, खुर्च्या, टेबल, गॅसची टाकी. लोसर सोडलं, कुंझुम ओलांडली आणि बातलकडे उतरताना दगडांवरून चार तास हादरे खाऊन कॅरियरचे पुढचे बोल्ट सैल झाले. एका खड्ड्यात सगळं सामान पुढे सरकलं आणि पेटीचा कोपरा काचेवर आला. काच कडेपासून कडेपर्यंत तडकली. आम्ही दोघं दगडावर बसून होतो. मागून एक स्थानिक टॅक्सीवाला आला, छोट्या अल्टोमध्ये पाच माणसं घेऊन. त्याने दोरी दिली, पेटी खाली उतरवायला हात दिला. मी मुद्दाम त्याच्या डिकीत डोकावले. स्टेपनी, जॅक, एक लाकडी फळी, दोरी, पाण्याचा कॅन, गव्हाचं पोतं. थोड्या वेळाने हिमाचल परिवहनची बससुद्धा त्याच रस्त्याने खडखडत गेली, टपावर लोकांची गाठोडी घेऊन. पेटी आम्ही बातलच्या ढाब्यात ठेवून दिली. पुढच्या आठ दिवसांत त्यातल्या एकाही वस्तूची आठवण झाली नाही.

तर पैसे कुठे घालायचे, ते सांगते. टायरमध्ये. तिथल्या दगडांना धार असते आणि टायर फाटतो तो बहुतेक वेळा कडेला, जिथे पंक्चरची पट्टी बसत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ते वाच. २३२१ असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच वर्षांच्या पुढचा असेल तर बदल, नक्षी कितीही चांगली दिसली तरी. स्टेपनीचे आकडेही वाच. ती बिचारी मागच्या दारावर वर्षानुवर्षं ऊन खात असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. मग ट्यूबलेस पंक्चरचा संच आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप घे. दोन्ही मिळून काही हजारांत येतं. हा पंप असला म्हणजे तुला हवा कमी करायची हिंमत होते. खडकाळ रस्त्यावर चोवीस-पंचवीसपर्यंत उतरव, गाडी मऊ चालते, टायर दगडाला घट्ट धरतो. पुढे कधी नुब्राच्या वाळूत गेलीस तर सोळा-अठरापर्यंत. मात्र डांबरी लागलं की आधी थांबून हवा पुन्हा भर, तशीच पळवू नकोस.

जॅकखाली ठेवायला हातभर लाकडी फळी ने. सैल रेतीत जॅक जमिनीत घुसतो आणि गाडी तिथेच राहते. ओढायचा चांगला पट्टा ने, आणि गाडीला तो कुठे अडकवायचा ते पुस्तकात बघून ठेव. मालट्रकवर गाडी बांधून न्यायच्या कड्या वेगळ्या असतात, त्यांना झटका दिला की त्या उपटून बंदुकीच्या गोळीसारख्या सुटतात. पट्टा ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, मदतीला धावून आलेली माणसंसुद्धा. तिथे तू ओरडलीस तरी चालेल.

आता पाण्याचं. तुझ्या यादीत स्नॉर्कल पहिल्या क्रमांकावर आहे, म्हणजे नाल्यांचीच भीती सगळ्यात जास्त बसलीय. बसायलाच हवी. पण स्नॉर्कल इंजिनाला वरून हवा देतो, एवढंच त्याचं काम. वाहत्या पाण्यात गाडी बंद पडण्याआधी तरंगते. फूटभर वाहतं पाणी छोट्या गाडीला उचलायला पुरतं, दोन फूट असेल तर बहुतेक गाड्या ओढून नेतं. नळीने त्यात काय फरक पडणार? त्या नाल्यांचं पाणी बर्फाचं असतं. दिवसभर ऊन तापतं, दुपारी तीन-चारला नाला फुगतो, रात्री थंडी पडली की आटतो. दुसऱ्या खेपेला छत्रूच्या अलीकडे एका नाल्यापाशी आम्ही दुपारी साडेतीनला पोचलो. पाण्याखाली दगड गडगडत जात होते, त्यांचा आवाज ऐकू येत होता. पलीकडे मोठ्या टायरांची, उंच केलेली एक गाडी आडवी होऊन अडकली होती. आम्ही मागे फिरलो, ढाब्यात राजमा-चावल खाल्ला, तिथेच झोपलो. सकाळी सहाला आलो तर काल ज्या दगडांवरून पाणी उसळत होतं ते दगड कोरडे होते. पहिल्या गियरमध्ये, एका संथ गतीने, न थांबता पार झालो. त्या रात्रीचे ढाब्याचे पैसे किती झाले ते आठवतही नाही. म्हणून तुझ्या कार्यक्रमात दोन दिवस मोकळे ठेव. सुट्टी नऊ दिवसांची असेल तर वाढवून घे, आणि वाढत नसेल तर चंद्रताल वगळ.

चंद्रतालवरून आठवलं. तळ्याच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे. ती २००५ पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. मुक्कामाचे तंबू दोन-तीन किलोमीटर अलीकडे असतात, आणि गाडी ठेवून शेवटचा टप्पा चालायचा असतो. काठावर कनात ताणून चहा पितानाचा फोटो तुझ्या मनात असेल तर तो आत्ताच काढून टाक, राणी.

छतावरच्या तंबूला माझा नकार वजनाशिवाय आणखी एका कारणासाठी आहे. समजा रात्री दोनला तुझ्या मैत्रिणीचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, चालताना तोल जायला लागला. उंचीच्या आजारावर खरा उपाय एकच, लगेच खाली उतरणं. तेव्हा थंड वाऱ्यात शिडीवर चढून तू तंबू घड्या घालत बसणार का? जमिनीवरचा तंबू तसाच सोडून गाडी घेऊन निघता येतं. तीन किलोचा साधा तंबू, चांगली चटई आणि शून्याखालचं तापमान झेपेल अशी झोपण्याची पिशवी, एवढं पुरे. पिशवीत मात्र काटकसर करू नकोस. आणि खरं सांगू, लांग्झा, कोमिक, डेमूल अशा गावांत घराघरांत राहता येतं. तिथल्या चुलीपाशी बसून थुक्पा खाल्लास की बरेच मुक्काम तंबूबाहेरच होतील.

तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी, गॅसचा हीटर, कोळसा, काहीही पेटवायचं नाही. झोपताना इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतच नाही. हे मला शपथेवर हवंय.

जाताना सिमल्याकडून किन्नौरमार्गे जा, कल्पा, नाको, ताबो असं पायरी-पायरीने चढत, आणि कुंझुमवरून परत या. शरीराला सवय होते. पेट्रोलचं म्हणशील तर टाकी ४० लिटरची, घाटात बारा धरलं तरी चारशे ऐंशी किलोमीटर. रेकाँग पिओ ते काझा दोनशेच्या आसपास, काझाला पंप आहे, तिथून मनालीही साधारण तेवढंच. मग चार कॅन कशाला? पुढे कधी मनालीहून लेहला गेलीस, तर तांदीच्या पंपावरची पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्धच आहे. तेव्हा दहा लिटरचा एक लोखंडी कॅन माझ्याकडून घेऊन जा. दिव्यांची पट्टीही नको. चार वाजता मुक्कामाला पोचायचंच ठरवलं की अंधारात चालवायची वेळ येत नाही.

लोखंडी बंपरबद्दल गॅरेजवाला काहीही म्हणो, त्याविरुद्ध कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना सांगितलंय. एअरबॅगच्या सेन्सरला धक्का नीट पोचत नाही, आणि रस्त्यावरच्या पायी माणसाचं काय होतं ते वेगळंच. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकालही आहे. अपघात झाला तर विम्यावाल्यांना बोट ठेवायला जागा देऊ नकोस.

विंच कधीच नको असं मी म्हणत नाही. ज्या वाटेवर दिवसभर दुसरी गाडी भेटत नाही, चिखल किंवा वाळू मैलोन्‌मैल आहे, तिथे ती हवी आणि ती चालवायला शिकलेला माणूसही हवा. काझाच्या वाटेवर मात्र जून ते सप्टेंबर तासाभरात कुणी ना कुणी येतंच. तुझ्या गाडीला फोर बाय फोर आहे, लो रेंजचा दांडा आहे, २१० मिलिमीटरची उंची आहे. तो दांडा तू आजवर एकदा तरी ओढलायस का? नसशील ओढला, तर विंचच्या पैशांतला थोडासा भाग ऑफ-रोड शिकवणाऱ्याकडे एका दिवसासाठी दे. उतारावर ब्रेकवरून पाय काढून इंजिनावर गाडी सोडायची, हे एकदा कुणीतरी शेजारी बसून करून घ्यायला हवं.

रविवारी सकाळी आठला गाडी घेऊन ये. मैत्रिणीलाही आण. डिकीतलं सगळं बाहेर काढू आणि माझ्या वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवू. मग खाली पार्किंगमध्ये तुम्ही दोघींनी आळीपाळीने स्टेपनी बदलायची, मी फक्त बघणार. नट फार घट्ट असतील तर माझ्याकडे लांब दांड्याचा पाना आहे, तो तुम्हालाच देऊन टाकते. कॅरियरची आगाऊ रक्कम अजून दिली नसशील तर तोवर देऊ नकोस.