साखर, गूळ आणि आमची आजी

माझ्या आजीला मधुमेह आहे. गावात त्याला साखरेचा आजार म्हणतात. म्हणून आजीने चहातली साखर बंद केली आणि गूळ सुरू केला. "गूळ म्हंजी काय साखर हाय व्हय? त्यो तर उसाचा," असं ती म्हणायची. साखर पण उसाचीच होते, असं मी म्हटलं तर माझ्यावरच रागावली. पण उपाशीपोटी रक्त तपासलं तेव्हा साखर १८६ निघाली. निरोगी माणसाची १०० च्या आत असते. १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.

आजीला वाचता येत नाही, म्हणून आरोग्यकेंद्रात मी तिच्याबरोबर जाते. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, गुळानेही साखर वाढतेच. भात, भाकरी, साबुदाणा यांचीसुद्धा पोटात साखर होते. मला ते खरं वाटेना. भाकरी कुठे गोड लागते? मग घरी भाकरीचा एक घास खूप वेळ चावून पाहिला. शेवटी गोडसर लागला! तुम्ही पण करून बघा.

ही साखर रक्तातून अंगभर जाते. शरीराला ती वापरता यावी म्हणून इन्सुलिन लागते. ते पोटातल्या स्वादुपिंडात तयार होते. मधुमेहात ते कमी पडते किंवा नीट काम करत नाही, मग साखर रक्तातच साठते. इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडात बँटिंग आणि बेस्ट यांनी लावला. बँटिंग यांचा वाढदिवस १४ नोव्हेंबर. म्हणून आपल्या बालदिनालाच जागतिक मधुमेह दिन असतो.

सिस्टरांनी भाकरी बंद करायला नाही सांगितली, मोजायला सांगितली. आधी आजी तीन भाकरी आणि नुसतं पातळ कालवण खायची. आता दीड भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि काकडी खाते. उसळ आणि भाजी बरोबर असली की साखर हळूहळू चढते. शेपू मला आवडत नाही, पण आता तो सगळ्यांनाच खावा लागतो.

आषाढी एकादशीला मात्र घोटाळा झाला. आजीने सकाळी गोळी घेतली आणि उपास म्हणून काहीच खाल्लं नाही. दुपारी तिला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. बोलणं पण भलतंच. मी साखरेचा डबा आणला तर आई ओरडली, "अगं, आत्याबाईंना साखर चालत नाही!" पण सिस्टरांनी मला सांगितलं होतं, साखर ७० च्या खाली गेली की असं होतं, तेव्हा साखरच द्यायची. माणूस शुद्धीवर असेल तरच. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, लगेच दवाखान्यात न्यायचं. मी आईला हे सांगितलं. आजी शुद्धीवर होती. मग आईनेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी आजी नीट बोलायला लागली. पहिलं काय म्हणाली? "माझा उपास मोडलास गं!" मग आईने तिला जेवायला वाढलं.

डॉक्टरांनी आता सांगितलंय, गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, उपास करायचा असेल तर आधी विचारायचं. आजीच्या चंचीत सुपारीबरोबर साखरेची पुडी असते. तिला मुंग्या लागल्या का, ते मी दर सोमवारी बघते.