पोर सुटलं, पोर वाळलं

मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाची यात्रा आली की म्हसवडमधल्या घराघरांत माणसं मावत नाहीत. मुंबईची, पुण्याची, गलाईच्या धंद्यापायी परमुलखात राहिलेली, सगळी भावकी गोळा होते. बॅगा भिंतीला टेकायच्या आत पोरांची पाहणी सुरू. ‘‘अगं, केवढी सुटली ही!’’ ‘‘आरं, लय वाळलास की. आई जेवाय घालत न्हाई व्हय?’’ बोलणाऱ्याच्या पोटात मायाच असते. आपणही हसून वेळ मारून नेतो. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते पोर मात्र टी-शर्ट खाली ओढत आतल्या खोलीत निघून जातं, आणि पाहुण्यांच्या चहापाण्याच्या गडबडीत ते आपल्या लक्षातही येत नाही.

हे आपण सगळेच करतो. दुसऱ्याच्या लेकराला बोलतो, आपल्या लेकराला कुणी बोललं की मनाला लावून घेतो. पोर बारीक असलं तर आईचा हात आखडता, पोर जाड असलं तर आईचं लक्ष नाही. दोन्हीकडून बोल आईलाच. मग त्या रात्री आपण बारक्याच्या पानात तुपाची धार जरा जास्त सोडतो आणि थोरलीला म्हणतो, ‘‘बास आता, तिसरी चपाती नको.’’ एकाच पंगतीत, एकाच आईच्या हातून.

आपल्या माणसांना गुबगुबीत पोर का आवडतं, हे माणदेशात वेगळं सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या आज्या अजून कितीतरी घरांत आहेत. तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर त्यांनी पोरं जगवली. फार लांब कशाला, २०१२-१३ मध्ये म्हसवडला जनावरांची छावणी पडली, तेव्हा दावणीशेजारीच पालं ठोकून माणसांनी महिने काढले. असं बघितलेल्या घराला पोराच्या गालावर मांस दिसलं की बरं वाटणारच. आजी नातवाला ‘अजून एक घास’ म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तिची स्वतःची उपाशी लेकरं असतात. तिला अडाणी म्हणू नका.

जगात इतरत्रही असंच घडलेलं आहे. आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशात पाऊस आपल्यापेक्षाही बेभरवशाचा. तिथल्या काही समाजांत लग्नाआधी मुलींना बळंबळं दूध पाजून, सांजा भरवून लठ्ठ करायची रीत पिढ्यानपिढ्या चालली, कारण जाड मुलगी म्हणजे खात्यापित्या घरची. दुसऱ्या टोकाला जपान. तिथे २००८ पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या माणसांच्या वार्षिक तपासणीत कमरेला टेप लावतात. पुरुष ८५ सेंटिमीटरच्या वर गेला, बाई ९० च्या वर गेली, की इतर तपासण्या बघून त्यांना सल्ल्याला बोलावतात. अमेरिकेत शंभरातली चाळीसेक मोठी माणसं लठ्ठ गणली जातात, जपानात पाचाच्या आसपास. आणि तरीही अमेरिकेत जाड माणसाला टोमणे कमी बसतात असं नाही. जाडी वाढली म्हणून माया वाढत नाही.

मला सगळ्यात हलवून सोडलं ते फिजीच्या गोष्टीनं. त्या बेटांवर ‘अंगानं भरलीस’ हे कौतुक होतं. जेवायला आग्रह करणं, भरलेल्या अंगाला चांगलं म्हणणं, अगदी आपल्यासारखं. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या अमेरिकी संशोधक डॉक्टरांनी तिथल्या शाळकरी मुलींशी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये बोलून पाहिलं. तीन वर्षांत शंभरातल्या अकरा मुली वजन उतरवायला मुद्दाम ओकाऱ्या काढू लागल्या होत्या. टीव्ही नवा असताना असं करणारी एकही सापडली नव्हती. शंभरातल्या चौऱ्याहत्तरांना आपण जाड आहोत असं अधूनमधून वाटत होतं. आई-आजी तीच, ताट तेच. मुलींच्या डोळ्यांपुढचं चित्र तेवढं बदललं होतं. आपल्या पोरींच्या हातात तर दिवसभर मोबाईल आहे. म्हणजे आपल्या घरात लेकीला एका कानानं आजीचं ‘खा गं’ ऐकू येतं आणि दुसऱ्या कानानं जगाचं ‘बारीक हो’. मधे आपण, कामावरून दमून आलेले.

मुलगा आणि मुलगी यांत आपण केवढा फरक करतो तेही बघा. जाड मुलाला ‘पैलवान’ म्हणतात. त्यालाही ते नेहमी आवडतंच असं नाही, पण शब्दात मान तरी असतो. मुलगी तेवढ्याच अंगाची असेल तर अकराव्या-बाराव्या वर्षापासून तिला ‘पुढं स्थळ कसं यायचं’ हे ऐकवलं जातं. आपल्या सातारा जिल्ह्यात तालमीचं वारं आहे म्हणून सांगते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिम्पिकचं कांस्यपदक आणलं ते ५७ किलो वजनाच्या गटात. तालमीत वजन म्हणजे एक आकडा असतो. त्याप्रमाणे गट ठरतो, खुराक ठरतो, मेहनत ठरते. कुणी त्याची लाज काढत नाही. घरातही वजनाबद्दल असं सरळ बोलता यायला हवं, मुलींशीसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, बोलायचं नाही तर काय, पोराचं वजन वाढू द्यायचं? नाही. काळजी खरीच आहे. आपल्या लोकांच्या अंगाचा एक गुण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवून दिला आणि तो प्रत्येक आईबापाला ठाऊक असायला हवा. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास मांडला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. एवढा फरक, पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी धरून. त्याच अभ्यासात असंही दिसलं की गरोदरपणी पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं अंगानं बरी होती.

मोठेपणीही तेच. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचं वजन उंचीच्या हिशेबात अगदी एकसारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणूनच बीएमआय २५ च्या पुढं गेल्यावर जास्त वजन, हे युरोपातलं माप आपल्याकडे २३ वर आणलंय. मोठ्या माणसांसाठी, हं. मुलांचं माप वेगळं असतं, ते वयाशी आणि उंचीशी लावून बघतात.

यातून मला कळलं ते असं की बारीक पोर म्हणजे कमजोर आणि गुटगुटीत पोर म्हणजे तंदुरुस्त, हे दोन्ही डोळ्यांनी ठरवायचं काम नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३६ मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली, आणि जास्त वजनाची ४, जी आधीच्या पाहणीत दोनाच्या आसपास होती. बायकांमध्ये तर शंभरात साधारण २१ खंगलेल्या आणि २३ जास्त वजनाच्या. एकाच राज्यात, कधी एकाच घरात. शिवाय निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी. म्हणून जाड दिसणाऱ्या लेकीचं जेवण तोडलं तर जाडी जाईल की नाही देव जाणे, रक्त मात्र आणखी उतरेल.

मग करायचं काय? मी आमच्या घरात आणि शेजारीपाजारी जे चालताना बघितलंय तेच सांगते.

घराला एकच नियम ठेवा. बाहेरच्या खाऊचं पाकीट बंद करायचं असेल तर सगळ्यांचं, बापाच्या फरसाणासकट. एकीच्या पुढ्यातून काढून दुसऱ्याला दिलं की तिच्या मनात अन्नाची चोरी सुरू होते. दप्तरात रिकामी पाकिटं सापडतात ती तिथूनच. सकाळी डबा व्हायचा राहिला की आपण पोराच्या हातावर दहाची नोट ठेवतो, आणि टपरीवर माळांसारखी टांगलेली पाकिटं त्याच नोटेची वाट बघत असतात. सकाळी साडेसहाला दोन चुली सांभाळणाऱ्या बाईला ‘ताजं करून द्या’ म्हणणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही. रात्री मूठभर मटकी भिजत घाला, शेंगदाणे-गूळ डब्यात ठेवा, शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणीला टाका. एवढं दमलेल्या हातानेही होतं.

आजीशी भांडू नका. तिलाच काम सांगा. हुलग्याचं शेंगोळं, माडगं, बाजरीची भाकरी आणि दही, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं येतं आणि तिची खाऊ घालायची हौसही भागते. बिस्किटाचा पुडा हा तिच्या मायेचा मूळ पदार्थ नव्हताच, तो आपणच आणून ठेवलाय.

शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायला २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. पालकसभेत मार्कांबद्दल आपण तासभर बोलतो, पाच मिनिटं यावरही बोलता येईल. जपानात १९५४ च्या कायद्यापासून शाळेतलं जेवण हा शिक्षणाचाच भाग धरतात. वर्गातली मुलं स्वतः वाढतात आणि सगळे तेच खातात. आपल्या शाळांतही खिचडी शिजते. खासगी शाळेत पोर घातलं की आपण त्या पंगतीला कमी लेखतो, ते काही बरोबर वाटत नाही.

वजन करायचं तर उंचीही मोजा आणि दोन्ही लिहून ठेवा. एका आकड्यावरून काही कळत नाही, सहा महिन्यांची चाल बघावी लागते. वयात यायच्या आधी कितीतरी मुलं आडवी भरतात आणि मग उंची घेतात. पण मानेच्या मागे, काखेत काळपट जाडसर कातडी दिसली तर ती मळ समजून घासत बसू नका. ती डॉक्टरांना दाखवायला हवी, कारण साखरेच्या दुखण्याची ती आधीची खूण असू शकते. झोपेत मोठ्यानं घोरणं, दोन जिने चढून धाप लागणं, हेही सांगा. दवाखान्यात जायच्या आधी डॉक्टरांना फोन करून ठेवता आला तर उत्तम, म्हणजे वजनाचा विषय सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल असा निघणार नाही. इंग्लंडमध्ये सरकारी योजनेत चार-पाच वर्षांच्या आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांची शाळेतच उंची-वजनं घेतात आणि अनेक ठिकाणी घरी पत्र येतं. ते पत्र वाचून दुखावलेले आईबाप तिकडेही असतात. मोजणं वाईट नाही, मोजल्यावर काय बोललं जातं त्यावर सगळं आहे.

पाहुण्यांचं काय करायचं? मोठ्यांना उलट बोलणं आपल्याच्यानं होत नाही, होऊही नये. पण बोलणं वळवता येतं. ‘‘आत्या, ती आता विहिरीत पवायला शिकलीया, विचारा तिला.’’ पोराला तेवढ्यानं कळतं की आई माझ्या बाजूची आहे. आणि यात्रेच्या आधी एखाद्या जवळच्या काकूला फोनवर सांगून ठेवलं, ‘‘तिला वजनावरून काही बोलू नका, मनाला लावून घेती,’’ तर बहुतेक काकू ऐकतात. त्यांनाही कधीतरी कुणीतरी बोललेलं असतं.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र पोरच विचारतं, बहुधा रात्री, दिवा घालवल्यावर. ‘‘आई, मी जाड आहे का?’’ आपल्या तोंडून झटक्यात येतं, ‘‘छे गं, कुठं जाड!’’ ती आरशात बघते, तिला ते खोटं वाटतं, आणि पुढच्या वेळी ती विचारत नाही. त्यापेक्षा आधी विचारा, ‘‘कुणी म्हणालं का गं?’’ वर्गातला कुणी असेल, व्हॅनमधला असेल, कदाचित घरातलंच कुणी असेल. तिला पुरतं बोलू द्या, मधे उपाय सांगू नका. मग खरं तेच सांगा: ‘‘तुझं अंग आता वाढतंय. तुझी तब्येत चांगली राहावी म्हणून आपण सगळेच जरा नीट खाऊ, संध्याकाळी मीही तुझ्याबरोबर चालायला येईन. आणि जो बोलला त्याच्याशी काय करायचं ते आपण उद्या ठरवू.’’ दुसऱ्या दिवशी ते ठरवायला विसरू नका. आणि पोर जेवण चुकवू लागलं, जेवल्या जेवल्या न्हाणीघरात जाऊन बसू लागलं, कुणासमोर खायचं टाळू लागलं, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून न देता त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा, मग ते पोर बारीक असो की जाड.