उभा पाय

चि. माधवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तायक्वांदोच्या वर्गात नाव दाखल होऊन आठवडा उलटला तरी डोक्याइतकी उंच लाथ साधत नाही, म्हणून तू खट्टू झाला आहेस, हे तुझ्या पत्रावरून कळले. त्यात दोष तुझा थोडा आणि खेळाच्या कायद्याचा अधिक. १९८८ साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिकादाखल आलेली आणि २००० साली सिडनीत पदकांच्या पंक्तीला बसलेली ही विद्या आता गुणांनी मोजली जाते, आणि मुठीच्या ठोशाला एक, धडावरील साध्या लाथेला दोन, तर मस्तकावरील लाथेला तीन गुण, असा तिचा हिशेब असल्यामुळे नवशिक्याची नजर मस्तकावरच खिळते.

ही विद्या दोन हजार वर्षांची आहे असे कोणी सांगितले, तर आदराने ऐक. वहीत मात्र टिपू नकोस. तेक्क्योन नावाचा पायांचा जुना खेळ कोरियात होता खरा. परंतु १९१० पासून जपानी अंमलाखाली असलेला तो देश १९४५ साली मोकळा झाल्यावर सोलमध्ये ज्या तालमी, त्यांच्या भाषेत 'क्वान', निघाल्या, त्यांच्या वस्तादांपैकी कित्येकजण जपानात कराटे शिकून आलेले होते, आणि चोई होंग ही या सेनापतीने १९५५ साली पुढे केलेले 'तायक्वांदो', म्हणजे पाय, मूठ आणि मार्ग, हे नाव रूढ व्हायला आणखी सुमारे दहा वर्षे गेली.

आता तुझ्या लाथेविषयी. 'दोल्यो चागी', म्हणजे बाजूने फिरून येणारी लाथ, मारताना सर्वांचे लक्ष उडत्या पायाकडे असते. तू उभ्या पायाकडे पाहा. गुडघा आधी वर येऊन पोटरी मांडीशी दुमडली जावी, उभ्या पायाची टाच लक्ष्याकडे वळावी, तिच्यामागोमाग कंबर फिरावी, आणि मगच पाय सुटून आल्या वाटेने परत यावा. टाच वळली नाही, तर सारा पीळ गुडघ्यावर येतो. माझा डावा गुडघा या बाबतीत पावसाळ्यात अजून साक्ष देतो.

'ताएगुक इल जांग' हा पहिला पाठ १८ हालचालींचा. त्यात लाथा दोनच, त्याही साध्या, समोरच्या. रचणाऱ्यांनी हे काही विसरभोळेपणाने केलेले नाही.

पुढील पत्रात लाथेची उंची कळवू नकोस. गुडघा वर धरून कोणत्या पायावर किती श्वास स्थिर राहिलास, ते कळव.

तुझा,
अण्णामामा