खात्याचा पैसा, आपलं तोंड

मी मूळची मिरजेची. लग्नानंतर गुरुग्रामला आले आणि मानेसरच्या स्थलांतरित कामगारांमध्ये एड्स प्रतिबंधाचं काम करणाऱ्या एका संस्थेत रमले. पैसा सरकारी. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) योजनेत अशी कामं स्वयंसेवी संस्थांकडे असतात. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर हे त्यातले ठरलेले गट. नव्यानं संस्था काढणारी मुलं भेटायला येतात, तेव्हा हमखास विचारतात : सरकारचे पैसे घेऊन सरकारच्या विरोधात बोलता येतं का? येतं. कसं, ते सांगते.

1. फोनवर आलेली सूचना लेखी मागा.

कासन, नाहरपूरच्या भाड्याच्या खोल्यांत पोरं पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपतात. आमचा कार्यकर्ता निरोध देऊन निघाला की एखादा हळूच विचारतो, ठेकेदार ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड देत नाही, काय करू? हे आम्ही एका बैठकीत मांडलं. मग एका साहेबांचा फोन : "मॅडम, आप तो अपने ही आदमी हो, ये सब रहने दीजिए." म्हटलं, साहेब, पत्र पाठवा, फाइलला लावते. पत्र आलं नाही. 18 जुलै 2012 ला मारुतीच्या इथल्या कारखान्यात हिंसाचार होऊन एका अधिकाऱ्याचा जीव गेला. तेव्हापासून इथे कामगारांचा विषय निघाला की सगळेच बिचकतात, आणि गप्प करायला नुसता फोन पुरतो.

2. करार वाचा. अख्खा.

सरकारी अनुदानाला 2017 चे सामान्य वित्तीय नियम लागतात. त्यात हिशेब, ऑडिट, युटिलायझेशन सर्टिफिकेट, अनुदानातून घेतलेली मालमत्ता परस्पर न विकणं हे सगळं आहे. सरकारवर टीका करू नये, असं कलम त्यात नाही. मात्र निषेधाचं पत्रक योजनेच्या पैशातून छापू नका. त्याचा खर्च वर्गणीतून करा आणि पावती वेगळी ठेवा.

3. सांगलीची गोष्ट माहीत असू द्या.

अमेरिकेनं 2003 मध्ये एड्सच्या परदेशी मदतीचा कायदा केला. त्यात अट अशी, की पैसे घेणाऱ्या संस्थेनं वेश्याव्यवसायाला विरोध हे आपलं धोरण म्हणून जाहीर करावं. सांगलीच्या 'संग्राम'नं 2005 मध्ये ती नाकारली आणि पैशावर पाणी सोडलं. याच संस्थेच्या कामातून देहविक्रय करणाऱ्या बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. ज्या बायका स्वतः गल्लीत निरोध वाटून रोग अडवत होत्या, त्यांच्या विरोधात सही करायची? त्याच वर्षी ब्राझीलनंही सुमारे 4 कोटी डॉलर नाकारले.

पुढे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2013 चा निकाल असा : योजनेच्या आत काय करायचं हे सरकारनं ठरवावं, पण पैसे दिले म्हणून संस्थेनं कोणतं मत बाळगावं हे ठरवू नये. मला ही सीमारेषा फार पटते. आता यातली मेख ऐका. 2020 मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की हे संरक्षण अमेरिकी संस्थांना. त्यांच्या परदेशी भगिनी संस्थांना ते नाही. म्हणजे तत्त्व जिंकलं, आणि परदेशातल्या संस्था होत्या तिथेच राहिल्या.

4. निवेदनावर माणसांची नावं घाला.

आपल्याकडे कलम 19 चं भाषणस्वातंत्र्य नागरिकांना आहे. नोंदणीकृत मंडळ नागरिक ठरत नाही. कंपन्यांबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे 1963 लाच सांगितलं. पण संस्थेमागच्या माणसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही, हे 1972 च्या बेनेट कोलमन खटल्यात स्पष्ट झालं. म्हणून आमच्या निवेदनाखाली नुसता शिक्का नसतो, विश्वस्तांच्या आणि कार्यकर्त्यांच्या सह्या असतात. सही करताना हात थरथरतो तो कोणाचा, हेही कळतं.

5. आपली दप्तरं उघडी ठेवा.

सरकारकडून भरीव पैसा घेणारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, असा 2019 चा निकाल आहे. ठेकेदाराला जाब विचारायचा तर आपल्याला कोणी विचारला म्हणून चिडायचं नाही.

6. कंपनीच्या पैशाबाबत जास्त जपून राहा.

मानेसरात सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, पैसा सहज दिसतो. त्याचं प्रशिक्षण देणारी सरकारी संस्थाही इथेच, सेक्टर 5 मध्ये आहे. पण सरकारनं मंजूर अनुदान मनमानीनं थांबवलं तर कलम 14 घेऊन कोर्टात जाता येतं. कंपनीनं पुढच्या वर्षी हात आखडला तर कोणत्या कलमाखाली जाणार? तिचा कारखाना आणि तुमची वस्ती यांत एक भिंतच असते. त्या भिंतीपलीकडच्या कंत्राटी मजुरांबद्दल गप्प बसावं लागणार असेल, तर तो पैसा घेऊच नका.

आणि सही करण्याआधी कराराची एक प्रत घरी न्या. समोरचा "अभी कर दीजिए" म्हणाला तरीही.