सागवानाची तुळई आणि एककांचे गणित

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा हे गाव सागवान आणि बांबू यांच्या जंगलमुलखात वसलेले आहे. तिकडच्या एखाद्या जुन्या कवेलूच्या घरात मान वर करून पाहा. छपराचा सारा भार लाकडी तुळयांनी पेललेला दिसेल. अशी तुळई भाराखाली किती वाकेल, हे ती भिंतीवर चढवण्यापूर्वीच कागदावर काढता येते. मात्र त्यासाठी एककांशी नीट ओळख हवी. ती आज करून घेऊ या.

प्रथम सोपे उदाहरण घेऊ. भारतात 1 ऑक्टोबर 1958 पासून दशमान वजनमापे टप्प्याटप्प्याने लागू झाली; तरी लाकडाच्या बाजारात घनफूट अजून टिकून आहे. पुस्तकात मात्र वाळलेल्या सागवानाची घनता दर घनमीटरला सुमारे 650 किलोग्रॅम अशी दिलेली असते. मग एका घनफुटाचे वजन किती?

1 फूट = 0.3048 मीटर
1 घनफूट = 0.3048 × 0.3048 × 0.3048 = 0.02832 घनमीटर
वजन = 650 × 0.02832 = 18.4 किलोग्रॅम

येथे 0.3048 ने तीनदा गुणले, कारण घनफळाला तीन मिती असतात. 650 चे 18.4 झाले, पण लाकूड तेच राहिले. आकडा बदलतो, गुणधर्म बदलत नाही. रूपांतराचे सारे मर्म एवढेच आहे.

आता तुळईकडे वळू. पदार्थ किती ताठ आहे हे यंगच्या गुणांकावरून कळते. त्याचे एकक बल भागिले क्षेत्रफळ असे असते. सागवानासाठी जुन्या अभियांत्रिकी पुस्तकांत हा गुणांक सुमारे 1,00,000 किलोग्रॅम-भार प्रति चौरस सेंटिमीटर असा आढळतो. नव्या पुस्तकांत तो न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या एककात असतो. रूपांतर असे करावे:

1 किलोग्रॅम-भार = 9.807 न्यूटन
1 चौरस सेंटिमीटर = 10 × 10 = 100 चौरस मिलिमीटर

म्हणून 1 किलोग्रॅम-भार प्रति चौ. सेंमी = 9.807 ÷ 100 = 0.09807 न्यूटन प्रति चौ. मिमी. सागवानाचा गुणांक झाला 9,807 न्यूटन प्रति चौ. मिमी. पुष्कळ विद्यार्थी येथे 100 ऐवजी 10 ने भागतात. क्षेत्रफळाला दोन मिती असतात हे विसरू नका.

दोन्ही टोके भिंतींवर टेकलेली आणि मध्यभागी भार असलेली तुळई घेऊ. तिचे स्वतःचे वजन सोडून दिले, तर

बाक = (भार × लांबी³) ÷ (4 × रुंदी × उंची³ × यंगचा गुणांक)

लांबी 3 मीटर, रुंदी 10 सेंमी, उंची 15 सेंमी आणि भार 200 किलोग्रॅम धरा.

जुन्या एककांत: (200 × 300³) ÷ (4 × 10 × 15³ × 1,00,000) = 0.4 सेंमी.

नव्या एककांत: (1,961 × 3,000³) ÷ (4 × 100 × 150³ × 9,807) = 4 मिमी.

उत्तर एकच आले. कोणतीही पद्धत वापरा, पण ती शेवटपर्यंत एकच ठेवा.

समजा, एकाने भार न्यूटनमध्ये आणि मापे मिलिमीटरमध्ये घेतली, पण गुणांक जुन्या तक्त्यातून 1,00,000 असा नुसताच उचलला. बाक 0.4 मिमीपेक्षाही कमी येईल. तो म्हणेल, “एवढे जाड लाकूड कशाला? 7 सेंमी उंचीचे पुरे.” त्याच्या वहीत ती तुळई 4 मिमीच वाकेल. प्रत्यक्षात ती सुमारे 4 सेंमी वाकेल, आणि तिच्यातील कमाल प्रतिबल आधीच्या साडेचारपटीहून अधिक होईल. त्या छपराखाली कोणाला बसवावेसे वाटेल?

अशी चूक जाणत्यांच्या हातूनही होते. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाच्या बोइंग 767 विमानाला 22,300 किलोग्रॅम इंधन हवे होते. इंधनमापक यंत्रणा बिघडलेली असल्यामुळे पट्टीने मोजले, तेव्हा टाक्यांत 7,682 लिटर इंधन निघाले. त्याचे वजन काढण्यासाठी 1.77 हा आकडा वापरला गेला. तो दर लिटरला 1.77 पौंड असा होता; किलोग्रॅममध्ये घनता 0.803 घ्यायला हवी होती. परिणामी 20,088 लिटरऐवजी केवळ 4,916 लिटर इंधन भरले गेले. इंजिने आकाशातच बंद पडली. वैमानिकांनी विमान घरंगळत आणून गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले, म्हणून 69 जण वाचले. 1.77 हा आकडा चूक नव्हता. त्याचे एकक कोणी पाहिले नव्हते.

तेव्हा गणितात प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा. आकड्यांप्रमाणे एककांचाही छेद द्या. शेवटी उरलेले एकक अपेक्षित एककाशी जुळले नाही, तर चूक नक्की झाली आहे असे समजा.

करून पाहा: पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे 20,40,000 किलोग्रॅम-भार प्रति चौ. सेंमी आहे. तो न्यूटन प्रति चौ. मिमीमध्ये लिहा. वरच्याच मापाची भरीव पोलादी तुळई असती, तर ती त्याच भाराखाली किती वाकली असती?

(उत्तरे: सुमारे 2,00,000 न्यूटन प्रति चौ. मिमी, सुमारे 0.2 मिमी.)