ग्लानी, ऱ्हास आणि कली : एक शब्दविचार

चातुर्मासातील शास्त्रवाचनाच्या प्रसंगी एका वासनिक गृहस्थांनी विचारले, "बाबा, नित्याचे स्मरण घडत नाही, पारायण राहून जाते. कलियुगच आहे, आम्ही तरी काय करावे?" प्रश्न प्रामाणिक होता. परंतु दोष काळावर ठेवला की मनुष्य मोकळा होतो, ही त्यातील मेख आहे. म्हणून पडतीचे जे शब्द आपण नित्य उच्चारतो, त्यांचा अर्थ एकवार तपासून पाहणे अगत्याचे आहे.

'घराण्याला उतरती कळा लागली' असे आपण म्हणतो. कला म्हणजे चंद्राचा सोळावा अंश. वद्य पक्षात कला उतरतात, शुद्ध पक्षात चढतात. चंद्रबिंब नष्ट होत नाही. म्हणजे या शब्दाच्या पोटातच पुन्हा चढण्याची आशा आहे.

'ऱ्हास' आणि 'ऱ्हस्व' हे एकाच धातूचे शब्द होत. ऱ्हास म्हणजे आखूड होणे. ऱ्हस्व स्वर हाही स्वरच. तो थोडक्यात उच्चारला जातो एवढेच. दोन घटिकांचे स्मरण अर्ध्या घटिकेवर आले, तर तो ऱ्हास. स्मरण मुळीच सोडले, तर त्यास ऱ्हास म्हणता येणार नाही, तो त्याग होय.

'पडत्या काळात कोणी विचारीत नाही' हा प्रयोग तर विशेष चिंतनीय आहे. पडतो जीव, आणि आपण म्हणतो काळ पडला !

आता 'कली'. कृत, त्रेता, द्वापर, कली ही वैदिक वाङ्मयात फाशांच्या डावांची नावे आहेत. कृत हा सर्वांत सरस, कली हा हरणारा. परंतु एक डाव हरलेला खेळाडू पुढचा डाव हरलाच पाहिजे, असा नियम नाही. पंचांगगणितानुसार कलियुगाची वर्षे ४,३२,०००. त्यांपैकी ५,१०० हून थोडीच अधिक सरली. काळच जर अधर्माचे कारण असेल, तर उरलेल्या वर्षांत कोणी साधन करावयासच नको.

गीतेच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण भगवंतांनी धर्माच्या पडतीसाठी 'ग्लानी' हा शब्द योजिला आहे. ज्वराने थकलेल्या मनुष्यास ग्लानी आली, असे आपण घरोघरी म्हणतो. ग्लानी म्हणजे मृत्यू नव्हे, शक्ती क्षीण होणे होय. ग्लानीतील मनुष्यास हाक मारून जागे करता येते. शिवाय हा शब्द द्वापरयुगी उच्चारला गेला. तेव्हा ग्लानी ही केवळ कलीची मिरास नाही. आणि कलियुग सर्वथा त्याज्य असते, तर सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी याच युगी अवतार स्वीकारून जीवोद्धरणाचे व्यसन का धरिले असते ?

स्वामींच्या उत्तरापंथगमनानंतरच्या काळास आपल्या मार्गाने 'पडता काळ' म्हटले नाही, 'असन्निधान' म्हटले. हा शब्द वियोग सांगतो, नाश सांगत नाही. आणि वियोगाबरोबर कर्तव्यही सांगतो. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने असन्निधानातीलच होत. म्हाइंभटांनी ठिकठिकाणी जाऊन, प्रत्यक्ष अनुभवलेल्यांस विचारून लीळा मिळविल्या, त्याही असन्निधानात. पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी गेली, तेव्हा 'कली आला' म्हणून कोणी स्वस्थ बसले नाही. हिराइसा आदींच्या पाठांतरातून लीळा पुन्हा लिहिल्या गेल्या. आज आपण ज्या पोथीस वंदन करतो, ती त्या स्मरणाचे फळ आहे.

म्हणून त्या गृहस्थांस आम्ही एवढेच सांगितले : 'कलियुग आहे' असे म्हणू नये, 'मजकडून चुकले' असे म्हणावे. पहिल्या वाक्यापुढे करण्यासारखे काही उरत नाही. दुसऱ्यापुढे पश्चात्ताप आहे, प्रायश्चित्त आहे आणि उद्याचे स्मरण आहे.

दंडवत प्रणाम.