उन्हाळ्याची बिनपैशाची मजा
(इयत्ता ४ थी)



उन्हाळा म्हटला की पुष्कळ जण नाक मुरडतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पायात चप्पल नसली तर सावलीतून सावलीत पळावं लागतं. तरीपण मला उन्हाळा आवडतो. कारण उन्हाळ्याच्या मजेला पैसे लागत नाहीत.

पण एक सांगते. प्रत्येक मजेमागे काहीतरी कारण असते आणि प्रत्येक मजेचा एक नियम असतो. कारण कळले की मजा वाढते. नियम पाळला की मजा टिकते. चला तर, पहाटेपासून रात्रीपर्यंत क्रमाने पाहू या.

पहाट : मोहफुले

मार्च-एप्रिलमध्ये आपली शाळा सकाळची असते. त्याच्याही आधी, उजाडता उजाडता, मी आजीसोबत मोहफुले वेचायला जाते. मोहाचे फूल रात्री उमलते. रात्री वटवाघळे त्याच्यावर येतात आणि पहाटे फुले टपटप खाली पडतात. ती पांढरट-पिवळी, रसाळ आणि गोड असतात. सगळीकडे वास सुटतो. वेचता वेचता दोन-चार तोंडात टाकायची, ही आमची मजुरी!

मला वाटायचं, आपण सगळी फुले वेचली तर झाडाला फळ कसे लागणार? गुरुजींनी समजावून सांगितले. खाली पडतो तो फुलाचा रसाळ पाकळ्यांचा भाग. फळ ज्याच्यातून होते तो भाग झाडावरच राहतो. म्हणून फुले वेचली तरी झाडाचे नुकसान होत नाही. पुढे जूनच्या सुमारास फळे पिकतात आणि त्यांच्या बियांचे तेल निघते. एकच झाड, पण दोनदा देते.

फुले अंगणात वाळवली की तपकिरी होतात. आजी ती भाजून, तिळासोबत कुटून लाडू करते. उरलेली विकते. माझ्या वह्या त्याच पैशातून येतात.

आता नियम. पहिला नियम असा की एकट्याने आणि अंधारात जायचे नाही. अस्वलालाही मोहफुले फार आवडतात. आजी म्हणते, "अस्वलाले मोहा दिसते, माणूस दिसत नाई." म्हणून आम्ही चांगले उजाडल्यावर, चार जणी मिळून, मोठमोठ्याने बोलत जातो.

दुसरा नियम सगळ्यांत महत्त्वाचा आहे. झाडाखाली वाळलेला पाला असतो. पाल्यात फुले दिसत नाहीत, म्हणून काही लोक पाला पेटवून देतात. काम लवकर होते खरे. पण वारा सुटला की तोच जाळ जंगलात शिरतो. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जळतात. झाडाची साल होरपळते. आजी म्हणते, "पाला जाळला तं फुलं लवकर दिसते, पण झाडाले चटका बसते, बाई."

हे खरे आहे का, ते मी आणि माझ्या ताईने एका रविवारी जाऊन पाहिले. आम्ही ११ मोहाची झाडे मोजली. ९ झाडांखाली राख होती. तिथे मोहाचे लहान रोप एकही दिसले नाही. आमच्या धुऱ्यावरच्या २ झाडांखाली आजी दरवर्षी खराटा मारते, जाळ लावत नाही. तिथे वीत-वीत उंचीची ५ रोपे होती! आबाजी सांगतात की धुऱ्यावरची झाडे त्यांच्या आजोबांच्या वेळची आहेत. मोठी झाडे म्हातारी होतील आणि खाली रोप नसेल, तर पुढे फुले कोण देईल? मला हा प्रश्न तेव्हापासून सुटत नाही.

उपाय सोपा आहे. पाला झाडून बाजूला करावा. नाहीतर झाडाखाली जुनी लुगडी अंथरावी. फुले त्यावर पडतात, स्वच्छ राहतात आणि वेचायलाही सोपी जातात.

दुपार : माठ, पन्हे आणि हरवलेली सावली

दुपारी घराबाहेर निघायचे नाही. मग मजा कुठे? घरातच आहे.

माठातले पाणी गार का होते? मातीच्या माठाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यातून पाणी पाझरून बाहेर येते आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून आतले पाणी गार होते. कोरडा वारा असला की वाफ लवकर होते. म्हणून आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ छान काम करतो आणि पावसाळ्यात तेवढा करत नाही. घाम आल्यावर वारा लागला की बरे वाटते, तेही याच कारणाने.

घामासोबत अंगातले पाणी आणि मीठ निघून जाते. म्हणून पन्हे प्यावे. कैरी निखाऱ्यावर भाजायची, गर काढायचा, त्यात गूळ, मीठ, जिरे आणि माठातले पाणी घालायचे. खिशात कांदा ठेवणारे ठेवोत, पण पाणी पिणे विसरू नये. डोके दुखले, चक्कर आली, अंग तापले तर लगेच सावलीत बसावे आणि मोठ्या माणसाला सांगावे. लाजू नये.

आता एक गंमत. २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो. त्याच दिवसांत, मेच्या शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी आपली सावली हरवते! बाराच्या पुढे सात-आठ मिनिटे झाली की सूर्य अगदी डोक्यावर येतो. अंगणात पेला उपडा ठेवा. त्याची सावली त्याच्याच खाली दडते. याला शून्य सावली म्हणतात. ही गंमत दिल्लीच्या मुलांना दिल्लीत कधीच पाहायला मिळत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. आपल्याकडे जुलैच्या मध्यात ती पुन्हा येते, पण तेव्हा बहुधा ढग असतात. नियम : पेला उन्हात ठेवा, आपण सावलीतून पाहा. सूर्याकडे बघायचे नाही.

संध्याकाळ : तलावाचा वारा

आपल्या बोदलकसाचा तलाव १९१७ साली बांधला. म्हणजे त्याने शंभरावर उन्हाळे पाहिले आहेत. त्याच्या पाण्यावर धानाची शेती होते. ऊन उतरले की मी आबाजींसोबत पाळीवर जाते. गावात गरम झळा असतात, पण पाळीवर गार वारा लागतो. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरची गार हवा येते. पंखा नाही, वीज नाही, तरी वारा!

आबाजींचा नियम कडक आहे. ते म्हणतात, "पाण्याशी मस्करी नाई करायची." मोठे माणूस सोबत नसेल तर पाण्यात उतरायचे नाही. उतरले तरी कंबरेच्या वर पाणी नको. तलावाचा तळ सारखा नसतो, एका पावलात खोल लागू शकते. आणि दिवस बुडायच्या आत घरी परतायचे. आपल्या जवळ नागझिऱ्याचे जंगल आहे. ते १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. उन्हाळ्यात नाले आटतात, तेव्हा जनावरे पाणी शोधत येतात. संध्याकाळनंतरचे पाणी त्यांचे आहे, असे आबाजी म्हणतात.

रात्र : अंगणातले आकाश

रात्री आम्ही अंगणात बाजा टाकून झोपतो. उत्तरेला सात ताऱ्यांचे सप्तर्षी दिसतात. आजी त्याला खाटलं म्हणते. चार तारे म्हणजे खाटेचे चार पाय आणि मागचे तीन म्हणजे खाट चोरायला आलेले चोर! शेपटीच्या विरुद्ध टोकाला जे दोन तारे आहेत, त्यांना जोडणारी रेघ पुढे वाढवली की ध्रुव तारा सापडतो. हात लांब करून मूठ धरा. आपल्याकडे ध्रुव जमिनीपासून साधारण दोन मुठी वर दिसतो. चोरांची वाकडी रांग पुढे नेली तर तेजस्वी स्वाती आणि मग चित्रा सापडते. मी पाच तारे ओळखायच्या आतच झोपी जाते.

शेवटची गोष्ट

मित्रांनो, माठ फुटला तर नवा आणता येतो. तारे कुठे जात नाहीत. पण मोहाचे झाड गेले तर नवे तयार व्हायला फार वर्षे लागतात. म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. तेव्हा मोहाची फळे पिकलेली असतात आणि पाऊसही लागतो. मोहाचे बी साठवून ठेवले तर उगवत नाही, ते ताजेच पेरावे लागते. येताना प्रत्येकाने ५ ताज्या बिया आणाव्या. गुरुजींना विचारून आपण त्या कुंपणाजवळ पेरू. मी तेव्हा पाचवीत असेन, पण माझ्या ५ बिया नक्की आणीन.

करून पाहा :
१. एक ओले फडके बाटलीला गुंडाळा, दुसरी बाटली तशीच ठेवा. दोन्ही सावलीत, वाऱ्यावर ठेवा. तासाभराने कोणते पाणी गार लागते?
२. तुमच्या घराजवळ मोहाची मोठी झाडे किती? लहान रोपे किती? आकडे फळ्याशेजारच्या तक्त्यावर लिहा.
३. घरी मोठ्यांना विचारा : पाला न जाळता फुले कशी वेचता येतील?